टेंभुरपाड्याचा रिवाज

नाही म्हणणं कोणालाही जमतं. नाही न म्हणता नाही कळवणं ही मात्र विद्या आहे, आणि अख्ख्या नाशकात ती माझ्याइतकी कोणाला येत नव्हती. हे सांगताना मला पूर्वी लाज वाटत नसे.

माझं नाव वाल्मीक बोरस्ते. मी एका सरकारी कार्यालयात राजशिष्टाचार शाखेत अव्वल कारकून होतो. कोणत्या ते सांगत नाही, कारण कार्यालय अजून जिथल्या तिथे आहे आणि माझं पेन्शन तिथूनच निघतं. राजशिष्टाचार म्हणजे मंत्री, सचिव, परदेशी पाहुणे आले की त्यांना कुठे उतरवायचं, हार कोणी घालायचा आणि गाडीत कोणाच्या शेजारी कोण बसायचं, हे ठरवणं. यात डोकं फारसं लागत नाही. माझी खरी कीर्ती नात्यागोत्यात होती. कोणाला आलेलं स्थळ नाकारायचं असलं की माणसं माझं घर शोधत यायची.

समजा मुलगा पसंत नाही, पण मुलाचा चुलता मार्केट कमिटीवर आहे. आता तोंडावर नको म्हटलं तर जन्माचं वैर. अशा वेळी मी पत्रिका घेऊन पंचवटीतल्या एका गुरुजींकडे जायचो आणि एकनाड काढून आणायचो. मग दोन्हीकडची मंडळी हळहळायची, चहा व्हायचा, आणि 'पुन्हा कधी योग आला तर' असं म्हणून सगळे पायांत चपला घालायचे. एकनाड खोटी आहे हे यजमानांना ठाऊक, पाहुण्यांनाही ठाऊक. पण दार कोणाच्या तोंडावर आपटलं नाही, यातच सगळ्यांचं समाधान असे. आमचे देवरे साहेब, म्हणजे माझे शाखाप्रमुख, त्यांच्या मुलीला त्यांच्याच वरिष्ठांच्या भाच्याचं स्थळ आलं होतं. मुलगा ओझरला कामाला, पगार चांगला, पण गुटख्याने तोंड उघडत नव्हतं. ते प्रकरण मी इतकं गोड मिटवलं की वरिष्ठांनी त्या दिवाळीला साहेबांकडे सुकामेवा पाठवला.

म्हणून अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये दिल्लीचं गोपनीय पत्र आलं तेव्हा साहेबांनी दार लावून घेतलं आणि फक्त मला आत बोलावलं.

झालं होतं असं की मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाले. आम्ही कार्यालयात पेढे वाटले. युरोपातल्या एका छोट्याशा थंड देशाला मात्र ते पेढे गोड लागले नाहीत. त्यांच्या संसदेने निषेधाचा ठराव केला. आणि आता त्याच देशाच्या एक मंत्री, कारीन नावाच्या बाई, लवकरच भारताच्या अधिकृत दौऱ्यावर येऊ म्हणत होत्या. दिल्लीला त्या नको होत्या. येतील आणि पत्रकारांसमोर बॉम्बवर प्रवचन देतील, ही भीती. पण येऊ नका म्हटलं तर त्याचीही बातमी होणार. तेव्हा दिल्लीतल्या कोणा हुशार माणसाला पत्रात एक फट सापडली. बाईंनी कळवलं होतं की त्यांना मुख्यतः नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या टेंभुरपाडा या गावी जायचं आहे. ते जमत नसेल तर दौऱ्यात त्यांना रस नाही. म्हणजे टेंभुरपाडा अडला की दिल्ली सुटली.

पत्रातलं मुख्य वाक्य मला अजून पाठ आहे. 'सदर दौऱ्यास कोणत्याही प्रकारे नकार कळविण्यात येऊ नये. तथापि स्थानिक परिस्थिती पाहता दौरा सोयीचा होईल किंवा कसे, याबाबत अहवाल सादर करावा.' या 'किंवा कसे'चा अर्थ ज्याला उलगडून सांगावा लागतो त्याने सरकारी नोकरी करू नये.

सोबत दूतावासाच्या पत्राची प्रत होती. बहात्तरच्या दुष्काळात एका संस्थेबरोबर बाई टेंभुरपाड्याला विहीर खोदायला आल्या होत्या. तेव्हा त्या पंचविशीच्या. आठ महिने भागीबाई नावाच्या एका बाईच्या घरात राहिल्या. जाण्याआधी त्यांनी भागीबाईचा आणि तिच्या तीन वर्षांच्या चिमणा या मुलीचा एक फोटो काढला होता. बाई मायदेशी परतल्या आणि दोन महिन्यांत चिमणा वारली. त्या मुलीचा दुसरा फोटो जगात नव्हता. हा एक इतकी वर्षं बाईंच्या आईच्या ट्रंकेत पडून होता, तो आता सापडला. तो पोस्टाने पाठवणं त्यांना योग्य वाटत नव्हतं. तो भागीबाईच्या हातात द्यायचा आणि तिच्याजवळ थोडा वेळ बसायचं, एवढंच दौऱ्याचं प्रयोजन लिहिलं होतं.

मी समासात टिपणी केली : 'हेतू वैयक्तिक व भावनिक. विचारात घेण्याची आवश्यकता दिसत नाही.'

"वाल्मीकराव," देवरे साहेब म्हणाले, "हे एक स्थळ समजा."

"काळजी नको साहेब," मी म्हणालो. "पत्रिका काढतो."

पहिला अहवाल मी पावसाचा दिला. पेठ भागात पाऊस विपरीत, सावळघाटात दरडी येतात, ओहोळांना पूर येतो, पाहुण्यांची गैरसोय होईल. खाली नेहमीची सही-शिक्क्याची गोडी : 'तथापि पुन्हा कधी योग आल्यास अवश्य यावे, ही जिल्ह्याची मनःपूर्वक इच्छा आहे.' दिल्लीने ते दूतावासाला कळवलं. तीन आठवड्यांत उत्तर आलं. मंत्रीबाईंना जिल्ह्याच्या आपुलकीने भरून आलं आहे, त्या पाऊस संपल्यावर डिसेंबरात येतील.

दुसऱ्या अहवालात मी लिहिलं की डिसेंबरात गावकरी दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर मजुरीला जातात, गावात फक्त म्हाताऱ्या उरतात, त्यामुळे स्वागताला माणसं मिळणार नाहीत. उत्तर आलं की बाईंना म्हातारीलाच भेटायचं आहे.

तिसऱ्या अहवालात मी गावात प्रसाधनगृह नसल्याचा मुद्दा काढला. हा माझा हुकमी पत्ता होता. दोन केंद्रीय मंत्री आणि एक राज्यपाल मी या एका मुद्द्यावर परत फिरवले आहेत. उत्तर आलं की ते तेव्हाही नव्हतं, आणि ओहोळापलीकडची करवंदीची जाळी बाईंना अजून आठवते. शिवाय जिल्ह्याने तिसऱ्यांदा इतकं प्रेमाने निमंत्रण दिल्याबद्दल विशेष आभार.

दिल्लीहून फोन आला तो साहेबांनी उभं राहून घेतला. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की मला टेबलापलीकडून ऐकू येत होतं. नाशिकला अचानक हा कसला उत्साह आलाय, असं तो विचारत होता.

"निमंत्रण कोणी दिलं?" फोन ठेवून साहेबांनी मला विचारलं.

"कोणीच नाही साहेब. पुन्हा कधी योग आला तर या, एवढंच."

"मग ते खरंच का येतायत?"

'या हं एकदा घरी' असं म्हटल्यावर वही काढून तारीख विचारणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. त्या देशात लग्नं कशी मोडत असतील, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

पण विद्या कच्ची नव्हती, फक्त गुरुजी चुकीचे होते. तिसऱ्या उत्तराच्या शेवटी एक ओळ होती. मंत्रीबाई स्थानिक परंपरांचा पूर्ण आदर राखू इच्छितात, त्याबाबत काही सूचना असल्यास कळवाव्यात. ती मी दोनदा वाचली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ही माणसं पावसाला भीत नाहीत, घाटाला भीत नाहीत, उघड्यावर बसायला भीत नाहीत. पण रिवाज म्हटलं की टोपी काढतात. त्यांची एकनाड तिथे होती.

आता फक्त रिवाज शोधायचा राहिला होता.

नोव्हेंबरात मी कार्यालयाची जीप घेऊन टेंभुरपाड्याला गेलो. वीस-बावीस घरं, बहुतेकांना बाहेरून कडी. माणसं बागांवर गेलेली. भागीबाईचा मुलगा हिरामण, त्याची बायको आणि पोरगी, सगळे खेडगावच्या बाजूला छाटणीच्या कामाला होते. भागीबाई एकटी अंगणात नागलीची कणसं बडवत होती. साठीला आलेली असेल, पण हात सपासप चालत होते. जीप पाहून ती उठली आणि सरळ माझ्या मागे, जीपमध्ये कोण आहे ते पाहायला गेली.

"कारीनबाय कुठं हाय?" तिने विचारलं.

"अजून आली नाही."

"मंग कवा येनार? तलाठी म्हनला, चिमणाचा फोटू घेऊन येनार हाय म्हनून."

"पाहू," मी म्हणालो.

"पाहू म्हंजी येनार का नाय?"

तिकडे सगळ्यांना एकेरीत बोलतात आणि सरळ विचारतात. आमच्याकडे 'पाहू' म्हटलं की समोरचा समजून घेतो आणि विषय बदलतो. इथे ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मला वाटलं, हिचं आणि त्या मंत्रीबाईंचं आठ महिने चांगलंच जमलं असणार.

तिने कोरा चहा केला. मी इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आलो. तुमच्याकडे मेलेल्या माणसाचं काय करतात, असं विचारलं.

"दगूड बसवतो आमी. त्याच्यावर सूर्य, चांद, घोडा काढत्यात. गावाच्या कडंला हायेत बघ."

"लहान लेकराचा?"

"पोराचा नाय बसवत. पोर कुठं गावच्या मोजणीत आल्यालं असतं?" तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "चिमणाचा बी नाय. तिचं काय बी नाय घरात. म्हून तर फोटू पायजे."

मी वहीत लिहून घेतलं : लहान मुलांचं स्मारक ठेवत नाहीत. लिहिताना मला खरोखर आनंद झाला. चांगल्या खोट्याला खऱ्याचं एक टोक असावं लागतं, आणि ते मला चहाबरोबर मिळालं होतं.

"सायेब," ती म्हणाली, "तुला एक सांगते. तिचा तोंडवळा आता मला याद येत नाय. हिरामणच्या पोरीला बघते न् वाटतं, अशीच व्हती. मंग वाटतं, नाय, अशी नव्हती. रोज येगळी दिसती. एकडाव बघितली म्हंजी बस झालं."

मी 'हो ना' म्हणालो. मग बॅगेतून कार्यालयात टाइप करून आणलेला कागद काढला, त्यात मोकळ्या ठेवलेल्या दोन ओळी तिथेच हाताने भरल्या आणि शाईची गादी पुढे केली.

"हा कशाचा कागूद?"

"कारीनबाई येण्यासंबंधीचा आहे," मी म्हणालो. यात एकही शब्द खोटा नव्हता.

तिने अंगठा पदराला पुसला, गादीवर दाबला आणि मी दाखवलेल्या जागी उमटवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "दुसरा बी लावू का? लौकर येईल."

एक पुरे, असं मी म्हणालो. परत येताना घाटात ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि आम्ही बोरं घेतली, हेही मला आठवतं.

त्या कागदात भागीबाईच्या तोंडी असं होतं : आमच्या समाजात बालपणी वारलेल्या लेकराचं कोणतंही चिन्ह, प्रतिमा किंवा स्मारक ठेवत नाहीत. तशी प्रतिमा घराच्या उंबऱ्याच्या आत आणल्यास मृत जिवाला त्रास होतो आणि घरच्यांवर दोष येतो. पाहुण्या आमच्या घरच्याच आहेत, त्यामुळे त्यांना 'नका आणू' असं म्हणणं आम्हाला जड जातं. हे शेवटचं वाक्य माझं सगळ्यात आवडतं होतं. खाली अंगठा, त्याखाली माझी साक्षांकनाची सही.

या वेळी 'पुन्हा कधी योग आल्यास' हे मी लिहिलं नाही.

बारा दिवसांत उत्तर आलं. दौरा रद्द. मंत्रीबाईंनी स्वतःच्या हाताने चार ओळींची क्षमा मागितली होती. आपण इतके महिने त्या घरात राहिलो आणि हे आपल्याला कळलं नाही, याची त्यांना शरम वाटत होती. दिल्लीने सुस्कारा सोडला. त्यांनी आम्हाला जे पत्र पाठवलं त्यात 'अत्यंत संवेदनशील हाताळणी' असे शब्द होते. ते साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालाला जोडले आणि मार्चमध्ये माझी बढती पक्की आहे असं कानात सांगितलं. पेढे पुन्हा आले. त्या अंगठ्याच्या कागदाची एक प्रत पुण्याच्या कोणा संशोधकाच्या हाती कशी लागली कोण जाणे, पण पुढे एका पुस्तिकेत टेंभुरपाड्याचा हा रिवाज तळटीपेसह छापून आला. अभ्यासकाने त्यामागे प्राचीन सूर्यपूजेचा अवशेष असावा असा तर्क केला आहे. माझ्याकडे ती पुस्तिका आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी डाकेचा गठ्ठा नेहमीसारखा माझ्या टेबलावर आला. चाळीस-पंचेचाळीस कागद असतील. आवक लिपिक रजेवर होता म्हणून मीच बसलो. हे काम मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून केलेलं. डाव्या हाताने कागद उलटायचा, उजव्या हाताने शिक्का गादीवर, शिक्का कागदावर, पुन्हा उलटायचा. दहा-बारा झाले की कोपऱ्यात भोक पाडून टॅग ओवायचा. हे करताना मी खिडकीतून बाहेर पाहत असतो. त्या दिवशीही पाहत होतो. कचेरीच्या आवारात कोणाचं तरी उपोषण चाललं होतं.

टॅग ओवताना एक कागद जाड लागला, म्हणून मी खाली पाहिलं.

दिल्लीच्या पत्रासोबत दूतावासाचं पत्र होतं. मंत्रीबाईंनी लिहिलं होतं की हा फोटो भागीबाईच्या घरात नेण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि इतकं सगळं समजल्यावर तो आपल्याजवळ ठेवण्याचाही नाही. तरी त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याचं जे करणं योग्य असेल ते जिल्ह्याने करावं. त्यामागे फोटो होता. काळापांढरा, जुन्या जाड कागदाचा. अर्धवट खोदलेल्या विहिरीच्या काठावर एक तरुण बाई उभी होती आणि तिच्या कडेवर एक मूल होतं. मुलाच्या तोंडावर माझा शिक्का होता. जांभळा, गोल, नेमका. आवक, तारीख, राजशिष्टाचार शाखा. बाजूला एक कान आणि गळ्यातली मण्यांची एक सर, तेवढंच उरलं होतं.

मी रुमालाने टिपलं. कागदाने शाई पिऊन टाकली होती. मग बाथरूममध्ये जाऊन फोटोच्या कडेला थोडं स्पिरिट लावून पाहिलं, तर शाईच्या आधी विहीरच निघून यायला लागली. मी दार लावून तिथे बराच वेळ उभा राहिलो. मला फार राग आला होता. दिल्लीचा, साहेबांचा, त्या अतिशहाण्या बाईचा, जिने असा फोटो साध्या पाकिटात पाठवला. सगळ्यांवर मनातल्या मनात ओरडून झाल्यावर शिक्का मारणारा हात तेवढा उरला, आणि तो माझ्याच खांद्याला होता.

साहेबांना दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, पत्र पाहिलं आणि म्हणाले, "नस्तीला लावून टाका. रिवाजाप्रमाणे घरात न्यायचा नाहीच आहे ना?"

"तो रिवाज मी केलाय साहेब."

"हो, पण आता झालाय ना," ते म्हणाले.

मी किरकोळ रजेचा अर्ज टाकला. होळीच्या आदल्या दिवशी पेठची एसटी पकडली. शिमग्याला सगळी माणसं बागांवरून गावी परततात, त्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. फोटो मी शर्टाच्या आत, छातीशी धरला होता. वाटेत चार वेळा मनाशी भाषण जुळवलं. मावशी, काय झालं माहीत आहे का, टपालात जरा गडबड झाली, असं काहीतरी. त्यातलं पहिलं वाक्य माझं मलाच ऐकवेना.

अंगणात हिरामण होळीचं लाकूड तासत होता. भागीबाई दारात बसली होती. ती मला पाहून उठली आणि पुन्हा माझ्या मागे, वाटेकडे पाहू लागली.

"कारीनबाय?"

"ती येणार नाही," मी म्हणालो. "ती येत होती. मीच लिहून कळवलं की तुमच्यात मेलेल्या लेकराचा फोटो घरात आणत नाहीत. त्या दिवशी अंगठा घेतला तो त्याच कागदावर."

हिरामणने कुऱ्हाड खाली ठेवली. "मायचा अंगठा घेऊन असं लिवलं?"

"हो."

"का पन?"

"दिल्लीला ती बाई यायला नको होती."

भागीबाईला हे समजायला वेळ लागला. ती ओरडली नाही. तिने खरोखर समजून घ्यायचं म्हणून विचारलं, "दिल्लीला आमच्या चिमणानं काय केलं व्हतं?"

उभ्या नोकरीत मी किती जणांना किती कारणं दिली असतील. या बाईला देण्यासारखं माझ्याजवळ एकही नव्हतं. मी शर्टातून फोटो काढला आणि तिच्या हातात दिला.

तिने आधी स्वतःला पाहिलं. मग विहीर पाहिली. मग कडेवर घेतलेला हात, आणि त्या हातावर बसलेल्या पोराचे पाय. ते पाय तिने अंगठ्याने चाचपले. तिथून नजर वर नेली आणि ती थांबली. फोटो उन्हात धरला, सावलीत धरला, तिरका करून पाहिला. मण्यांची सर पाहून तिच्या तोंडून हुंकार आला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"हे गोल काय हाय?" तिने विचारलं.

"शिक्का आहे."

"कशाचा?"

"आमच्या कार्यालयाचा. कागद पोचला, नोंद झाली, म्हणून मारतात. माझ्या हातून पडला. निघत नाही तो, मी करून पाहिलं."

ती खाली बसली. फोटो मांडीवर ठेवला. हिरामण काही बोलणार होता, पण तिने त्याला हाताने थांबवलं.

"दुष्काळी कामावर खडी फोडत व्हते मी," ती म्हणाली. "कारीनबाय गेली त्याच्या मागनं. पोरांना सुकडी वाटायचे तिथं. कार्ड पायजे, न् कार्डाला शिक्का पायजे. माज्या कार्डाला शिक्का नव्हता. चिमणाला कडंवर घेऊन तीन दिस रांगंत उभी राह्यले. पोर तापली व्हती, तिला खायाला पायजे व्हतं. मुकादम रोज म्हनायचा, नाशिकवरून शिक्का येऊ दे, मंग देतो. चौथ्या दिशी रांगंत न्यायला पोरच नव्हती."

मी मान खाली घातली.

भागीबाईने पदराने फोटोवरची धूळ पुसली, शिक्क्यावरचीही पुसली, आणि फोटो मुलापुढे धरला.

"बघ रं हिरामण," ती म्हणाली. "तुज्या भैनीचा शिक्का आला नाशिकवरून."